चौथी थाप

कळव्याला खाडीच्या काठावर एक खळं आहे. मासळी वाळत घालायचं अंगण. कोपऱ्यात जुन्या जाळ्यांचा ढीग. त्या ढिगावर मांजरसुद्धा बसत नाही.

कल्याणच्या एका टॉकीजमध्ये एका माणसाच्या मरणावर शिट्ट्या पडल्या. प्रत्येक खेळाला.

वर्तकनगरच्या मैदानात पांढऱ्या कपड्यांतली पोरं एकदम ओरडतात, "हा!" आणि तितकेच पाय एकदम वर जातात.

एक काळा बूट. शूटिंग संपल्यावर पुसून पुन्हा खोक्यात ठेवलेला.

नवऱ्याला मारणारी बाई.

फरशीवर खडूने काढलेली फुली.

हे सगळं एकाच गोष्टीतलं. आणि गोष्ट खरी आहे. कुणाला हसायचं असेल तर त्याने इथेच हसून घ्यावं. पुढे तुळसा आहे. तिच्यासमोर हसलेलं चालायचं नाही.

साल सत्त्याऐंशी. वैशाख. वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

रात्रीची असती तर लोकांनी विश्वास तरी ठेवला असता.

तुळसाचा नवरा भिवा, जातीचा कोळी, पण होडीत मन रमलं नाही. अंगाने ताडमाड. सिनेमात मार खायचा. फायटर. पोस्टरवर नाव नाही, पडद्यावर चेहरा धड नाही, पाठ मात्र अख्ख्या महाराष्ट्राने बघितलेली.

"मारणारा कुणीपण होतो गो," तो म्हणायचा. "मार खाणाऱ्याचा असतो."

ते खरंच होतं. हिरोचा हात लागतच नाही. हात आणि जबडा यांच्यामध्ये वीतभर हवा असते. कॅमेरा अशा जागी ठेवतात, की ती हवा दिसू नये. बाकी सगळं खाणाऱ्याने करायचं. मान झटकायची, अंग फेकायचं, पडायचं. आणि नेमक्या त्या क्षणाला भिवा स्वतःच्या मांडीवर एक सणसणीत थाप मारायचा. म्हणजे समोरच्याला कळायचं, लागलं. पुढचा घाव घाल.

फाइट मास्तर म्हणायचे, भिवाची थाप म्हणजे घड्याळ. वीस वर्षांत चुकली नाही.

त्याच्याकडे मिरवायला तेवढंच होतं.

मग लाथांचे दिवस आले. डोंबिवलीत गल्लोगल्ली व्हिडिओ पार्लर निघाली. परदेशी कराटेचे सिनेमे लागायला लागले. हिरोंनाही हवेत गिरकी घेऊन लाथ मारायची हौस आली. मास्तर वर्तकनगरची क्लासवाली पोरं उचलायला लागले. जुन्यांचे निरोप येईनासे झाले.

भिवा डोंबिवलीला जाऊन तेच तेच सिनेमे बघून यायचा. एकदा तुळसालाही घेऊन गेला.

"त्याला काय बघतेस? पडणाऱ्याकडे बघ," तो अंधारात कुजबुजला.

"पडणाऱ्याकडेच बघते मी. पंधरा वर्षं तेच बघते," ती म्हणाली.

शेवटी शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मोठ्या हिरोच्या सिनेमातून बोलावणं आलं. चार घावांची मारामारी. तीन ठोसे, चौथी लाथ. चौथ्याला भिवाने पडायचं. हे बरोबर जमलं तर आणखी काही वर्षं काम. नाही जमलं तर जाळी विणा.

घरी सराव कुणाबरोबर करणार? तुळसा ठाण्याच्या बाजारातून टोपली रिकामी करून दुपारी परत यायची. कोळीवाडा झोपलेला असायचा. तेव्हा दोघं खळ्यात उतरायची.

"मार."

"हसू येतंय मना."

"मार गो! हिरो हसतो का?"

"हिरोच्या अंगाला बोंबलांचा वास येतो का?"

उंबऱ्यावर बसलेली सासू आवडाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "माज्या पोराला मारते, आनि पोरगाच तिला शिकवतो कसं मारायचं!"

एक, उजवा. थाप. दोन, डावा. थाप. तीन, पोटात. थाप.

चौथ्याला तुळसा अडली. "लुगडं नेसून लाथ मारू? अख्खा वाडा बघायला येईल."

भिवाने तिच्या मुठीला गमछा गुंडाळला. "हा बूट. जबड्यासमोरून फिरव."

तिने हात फिरवला. तो त्याच्या छातीसमोरून गेला.

"पुरत नाय," ती म्हणाली.

भिवा हसला. "तू थांब. मीच येतो."

अर्धं पाऊल पुढे आला. मान वाकवून जबडा तिच्या मुठीच्या रेषेत आणला. थाप! आणि मागे जाळ्यांच्या ढिगावर आडवा.

सगळा उन्हाळा असा गेला. बाजारातल्या बायका विचारायच्या, "काय गो तुळसा, आज काय चुकलं भिवाचं?"

"भाकरी करपवली त्याने," ती सांगायची. टोपल्या हसून हलायच्या.

शूटिंग ठाण्यातल्या एका बंद गिरणीत होतं. पुढचं तुळसाने नाथाकडून ऐकलं. नाथा त्याच वाड्यातला, भिवाचा जोडीदार फायटर. तो तिथे होता.

हिरो उशिरा आला. तालीम नाही, डायरेक्ट टेक. मास्तरांनी फरशीवर खडूने फुली काढली. भिवा फुलीवर उभा राहिला.

एक, दोन, तीन बरोबर.

चौथ्याला हिरोचा पाय फिरला. भिवा पडला.

मास्तर म्हणाले, ओके.

टाळ्या वाजल्या.

मग कुणीतरी म्हणालं, "ऊठ रे भिवा."

जबड्यासमोरून जायचा बूट कानशिलावर बसला होता.

आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य. भिवाने फुली सोडली. भिवा पुढे आला. भिवाच चुकला.

वीस वर्षांचं घड्याळ त्यांनी एका वाक्यात बंद केलं.

दहाव्याच्या रात्री आवडाबाईने रीतीप्रमाणे जमिनीवर पीठ पसरलं. वर टोपली झाकली. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठात उमटतं. सकाळी टोपली उचलली.

पीठ कोरं होतं.

मुंगीचंसुद्धा पाऊल नाही.

"गेलाच नाय," आवडाबाई म्हणाली.

तुळसाला पिठाचं काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच. रस्त्यात, बाजारात, नाथा दिसेल तिथे ती त्याला धरायची.

"खरं सांग भावजी. हिरोचीच लाथ लांब आली ना?"

"वहिनी, मी जिथे उभा होतो तिथून..."

"तिथून काय? आंधळा होतास? मोठ्या माणसाचं नाव घ्यायला जीभ झडते तुझी! मेलेल्याचं घ्यायला नाय झडत!"

नाथा खाली बघायचा.

पुढच्या वैशाखात सिनेमा लागला. तुळसाने नाथाला ओढत कल्याणला नेलं. तिला ती वीतभर हवा बघायची होती. पाय कुठे होता, भिवा कुठे होता, एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

तो टेक त्यांनी ठेवला होता.

का नाही ठेवणार? इतका खरा मार कुठे मिळतो.

पडद्यावर हिरोची पाठ. पाय फिरला. ढिशूम! भिवाचं डोकं उडाल्यासारखं झालं. शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मार अजून साल्याला!" पडद्यासमोर चिल्लर पडली.

तुळसा डोळे फाडून बघत होती. पण हवा दिसत नव्हती. ती दिसूच नये म्हणून तर कॅमेरा तिथे ठेवलेला. तिच्या नवऱ्यानेच तिला ते शिकवलं होतं.

बाहेर आल्यावर नाथा म्हणाला, "बघितलंस ना? आता तरी सोड."

"नाय सोडणार. सगळा उन्हाळा मी त्याच्याबरोबर केलंय, तू नाय. माझ्या हाताखाली शिकलाय तो. माझ्यासमोर एकदापण चुकला नाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती खळ्यात गेली.

ऊन असं, की कावळासुद्धा सावलीला. आवडाबाई आत झोपलेली. तुळसाने मुठीला तोच गमछा गुंडाळला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. हाताला आठवत होतं, म्हणून असेल.

एक. उजवा.

काही नाही.

पुन्हा. एक, उजवा...

थाप.

तिला वाटलं, शेजारी कुणी गोधडी झटकतंय. वळून बघितलं. शेजारचं दार बंद होतं.

दोन. डावा...

थाप.

समोरून आली. अगदी समोरून. मांडीच्या उंचीवरून.

तीन. पोटात...

थाप. आणि मागोमाग श्वास सोडल्याचा आवाज. हफ्. तो आवाज ती झोपेतही ओळखायची.

तुळसा घाबरली नाही. खरं सांगायचं तर ती हसली. गमछ्याने तोंड दाबून हसली, आणि मग रडली.

चौथा मात्र तिने मारला नाही. त्याच वेळी तिला ते सुचलं.

आता साक्षीदार आहे. त्यालाच विचारू.

दुसऱ्या दुपारी तिने चुलीतली राख चाळून सगळ्या खळ्यात पसरली. पिठासारखी. नाथाला बोलावून घेतलं. "इथे उभा राहा. बोलू नकोस. फक्त जमिनीकडे बघ."

"वहिनी, काय चाललंय काय?"

"बघ म्हटलं ना!"

एक... थाप.

नाथाचा चेहरा उतरला. त्याने ती थाप वीस वर्षं ऐकली होती.

तुळसासमोर राखेत दोन पावलं उमटली होती. मोठी, अनवाणी, फेंगडी.

दोन... थाप. पावलं जागेवर.

तीन... थाप. पावलं जागेवर. केसभर हललेली नाहीत.

"बघ," तुळसा पुटपुटली. "बघ, सोडतोय का जागा?"

चार.

तिने गमछा गुंडाळलेली मूठ फिरवली...

थाप आली नाही.

खळ्यात कसलाच आवाज नव्हता. खाडीचा वारासुद्धा थांबलेला.

राखेत डावं पाऊल पुढे आलं होतं. तिच्याकडे. अर्धं पाऊल.

आणि कोपऱ्यातला जाळ्यांचा ढीग... हळूहळू... खाली दबला. माणसाच्या लांबीचा खड्डा पडला. पुन्हा वर आला नाही.

मग नाथा बोलायला लागला. जमिनीकडे बघतच.

"अस्संच. अस्साच पुढे आला होता. मी बघितलं होतं वहिनी. हिरोचा पाय बरोबर होता. वीतभर लांबूनच जात होता. भिवानं फुली सोडली आणि मान वाकवली. बुटासमोर डोकं नेऊन ठेवलं. कशापायी वाकला, ते मना आजवर कळलं नाय. म्हणून तुला सांगितलं नाय."

तुळसाचा हात अजून हवेत होता. ती त्याच्याकडे बघत होती. आखूड हात. त्या मोठ्या पावलांसमोर, जिथे भिवाची छाती असती, तिथे तो संपत होता.

कशापायी वाकला, ते तिला कळलं होतं. जगात फक्त तिलाच.

तिने ते नाथाला सांगितलं नाही. कुणालाच नाही, कितीतरी वर्षं.

राख झाडून टाकली. गमछा खाडीत सोडला. दुपारी घराचं दार लावून बसायला लागली.

तिसऱ्या का चौथ्या दुपारी...

थाप. थाप. थाप.

तीनच. मग गप्प. कुणीतरी वाट बघत असल्यासारखं.

संध्याकाळी ती खळ्यात गेली. धुळीत दोन मोठी पावलं. तिने झाडूने पुसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्धं पाऊल पुढे.

ती पुसायची. ती उमटायची. रोज घराकडे अर्धं पाऊल. आवडाबाई बघायची आणि तोंडाला पदर लावायची.

"बोलवतेस का त्याला?" तिने एकदाच विचारलं.

"मी कशाला बोलवू, आई? मी थांबलेय नुसती."

बोलून झाल्यावर तुळसाला भिवाचं बोलणं आठवलं. तू थांब, मीच येतो.

पावलं उंबऱ्याला लागली, त्या दिवशी तिने कळवा सोडलं. आवडाबाई आली नाही. माझा पोर आहे, म्हणाली, मी का पळू.

तुळसा डोंबिवलीला बहिणीकडे, कांताकडे राहायला गेली. दुसरा मजला. खाली पिठाची गिरणी, समोर व्हिडिओ पार्लर. दिवसभर माणसांचा कलकलाट. वर्षभर काही झालं नाही.

मग एका दुपारी दोघी बहिणी भाजी निवडत बसल्या होत्या.

दाराबाहेर...

थाप. थाप. थाप.

"कोण गो?" कांता उठली.

"कोण नाय. बस खाली."

"अगं, कुणीतरी आहे बाहेर. दारच वाजवत नाय, असं कसं माणूस..."

"कांता, उघडू नकोस."

तुळसाची उजवी मूठ वळलेली होती. तिने वळली नव्हती. दुसऱ्या हाताने तिने ती धरली आणि मांडीखाली दाबली.

आता तिचे केस पांढरे झालेत. तो सिनेमा डोंबिवलीच्या पार्लरांतही येऊन गेला. पोरांनी ती लाथ जिन्यात एकमेकांवर करून बघितली. हिरो म्हातारा झाला. कुणालाही विचारा, ते अजून म्हणतात, फायटर चुकला.

तुळसा रोज दुपारी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसते. थापा कधी येतात, कधी येत नाहीत. येतात तेव्हा तीनच.

बाहेर तो चौथीसाठी थांबलेला असतो.

लग्नात हार घालताना तुळसाचा हात पुरला नव्हता. भिवाने अर्धं पाऊल पुढे येऊन मान वाकवली होती.