कुलूप शाबूत, मशिनी गायब

इंदुताई वैभवीच्या ऑफिसात आल्या त्या मुठीत किल्ली आवळूनच.

वैभवी सीताबर्डीत खासगी तपासाची कामं करायची. चंपतराव तिचे सख्खे मामा. निवृत्तीनंतर तिचे मदतनीस. मदत म्हणजे ते चहा मागवत आणि चुकीच्या माणसावर संशय घेत.

"कुलूप जसंच्या तसं, अन् आतल्या तीस मशिनी गायब," इंदुताई म्हणाल्या. "किल्ली पहिल्या दिवसापासून माह्याच कमरेले. लोक म्हणून राह्यले, इंदीनंच विकल्या."

कोराडीच्या वाटेवरच्या त्यांच्या नगरपंचायतीला कोरोनातून सावरण्यासाठी सरकारी निधी आला होता. ज्यांचे नवरे त्या साथीत गेले, अशा तीस बायकांना त्यातून शिलाई मशिनी मिळायच्या होत्या. खोकी दसऱ्याच्या आधीपासून समाजभवनात पडून होती. वाटप आज दुपारी, मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते होतं. काल संध्याकाळपर्यंत ती जागेवर होती. आज सकाळी इंदुताईंनी दार उघडलं, तर आत नुसती फरशी.

"त्या तिसांत मीबी आहे. आता भाऊ म्हणतात, मशिनी माह्या ताब्यातून गेल्या असं लिहून दे, पोलिसाचं ते पाहून घेतील."

"भाऊ कोण?"

"गणपतराव. नगराध्यक्ष आहेत. आमचे हे गेले तवा सख्खे दीर घाटावर आले नाहीत. भाऊ आले, प्लास्टिकचा झगा घालून. तवापासून राखी बांधते मी त्यायले."

"काही लिहून देऊ नका," वैभवी म्हणाली. "चला मामा."

समाजभवनापुढची गल्ली मंडपानं बंद झाली होती. पाहुण्यांच्या स्वागताची पद्धतच तशी, आधी त्यांचा रस्ता अडवायचा.

"परवापासून सायकलबी जात नाही इथून," इंदुताई म्हणाल्या. "मंडपवाले गल्लीच्या तोंडाशीच झोपतात."

चंपतराव मंचावरच्या खुर्चीत बसायला गेले. खुर्चीचे मागचे पाय गालिच्यात रुतले आणि मामा आडवे झाले.

"मंच आहे का गादी, गा?" ते ओरडले.

वैभवीनं आधी गालिच्याकडे पाहिलं, मग मामांना हात दिला.

चौकीदार गिरिधर बिडी विझवून उभा राहिला. "मी कायले चोरू जी? उलट मीच जपली खोकी. मागं एका साखरपुड्याले हॉल देल्ला व्हता, तवा सगळी माळ्यावर चढवली. एकट्यानं. चहा उकळेपर्यंत काम फत्ते."

"तेव्हा दार कोणी उघडलं?"

"भाऊनं. इंदुताई उमरेडले बहिणीकडे गेल्या व्हत्या."

"हाच चोर," चंपतराव वैभवीच्या कानात म्हणाले. "अंगात जोर आहे."

मशिनी पुरवणारा ठेकेदार अंकुश पांढऱ्या बुटांत आला होता. "अस्सल माल, मॅडम. पायाच्या मशिनी, बिडाचं स्टँड. एक खोकं उचलायले दोन जवान लागतात."

"उघडून दाखवल्या कोणाला?"

"भाऊ म्हणाले, पाहुण्यांच्याच हातानं उघडायच्या."

"खंडेनवमीलेबी उघडू देल्लं नाही," इंदुताई मध्येच बोलल्या. "म्हटलं, अवजार आहे, पूजा तर करू द्या. शेवटी खोक्यायवरच हळदीकुंकवाची बोटं लावली आम्ही."

"हा चोर," चंपतरावांनी मत बदललं. "बूट पाहा त्याचे."

गणपतराव आले ते दुपट्ट्यानं डोळे टिपतच. "माह्या बहिणीवर आळ यावा! एकच किल्ली या हॉलची. दुसरी बनवलीच नाही. विश्वासानं तिच्या हाती देल्ली."

चंपतरावांनीही रुमाल काढला. त्यांनी मनातल्या मनात नगराध्यक्षांना निर्दोष सोडलं.

वैभवीनं सगळ्यांना मंचापाशी बोलावलं.

"तीस लोखंडी मशिनी न्यायला ट्रक लागतो. गल्ली परवापासून बंद. मग मशिनी गेल्या कशा?"

"हातानं?" चंपतराव म्हणाले.

"गेल्याच नाहीत, मामा. कारण आल्याच नव्हत्या. अंकुशराव, तुमचं एक खोकं उचलायला दोन जवान लागतात. गिरिधरभाऊंनी तसली तीस एकट्यानं माळ्यावर नेली, चहा उकळेपर्यंत. खोकी रिकामी होती. म्हणून तर ती पूजेलाही उघडायची नव्हती. आज मात्र पाहुण्यांसमोर उघडावी लागणार होती."

"पण खोकी तरी कुठं गेली?" चंपतरावांनी विचारलं.

"रिकामं खोकं मोडलं की पुठ्ठा होतो. गल्लीतून न्यावा तर मंडपवाल्यांना दिसेल. गिरिधरभाऊ, गालिचा उचला."

गालिच्याखाली पुठ्ठ्यांची चळत निघाली. वरच्याच पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. पाहुण्यांना मशिनींच्या खोक्यांवरच बसवायची सोय केली होती.

"कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीनंच उघडलं," वैभवी म्हणाली. "इंदुताई उमरेडला असताना त्यांची किल्ली त्यांच्यापाशी. तरी भाऊंनी दार उघडलं. जी दुसरी किल्ली बनवलीच नाही, तिनं."

अंकुश घाईघाईनं बोलला, "मले फक्त बिल द्यायले सांगितलं व्हतं! अर्धे पैसे तर भाऊलेच देल्ले."

इंदुताई पुठ्ठ्यावरच्या बोटांकडे पाहत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते.

"किल्ली मलेच काहून देल्ली, भाऊ?"

गणपतरावांनी दुपट्ट्याची घडी घातली, पुन्हा मोडली. "दुसरीनं बोंब मारली असती. तू माह्याविरुद्ध बोलली नसती."

"घाटावर आले तवापासून हेच धरून चालले का?"

"नाही वं. तवा खरंच आलो व्हतो."

चंपतरावांना वाटलं, खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

मंडपात बायका जमू लागल्या होत्या. ठेवणीतली लुगडी, साड्या. काहींनी मशीन न्यायला हातगाडीही आणली होती. एकीनं सोबत शिवायचं पहिलं कापड आणलं होतं.

इंदुताई मंचावर चढल्या. आयुष्यात त्यांनी कधी माइक धरला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मागं वळून विचारलं,

"हे चालू आहे का हो, गणपतराव?"

चालू होतं. प्रश्न थेट बसस्टॉपपर्यंत गेला.