भिंतीकडे वळलेली खुर्ची

"थांबा! वर येऊ नका."

भिजलेला तो जिन्यातच थबकला. वरच्या दाराच्या फटीतून ती त्याला न्याहाळत होती. घरच्या मारझोडीतून सुटून आलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या केंद्रात ती समुपदेशक होती. तिथं अनोळखी पुरुष आला, की तो कुणाचा तरी नवराच, हे अंगवळणी पडलेलं.

"मी कुणाचाच नवरा नाही हो," तो काकुळतीनं म्हणाला. "कॉम्प्युटरवाला आहे. मोठ्या बाईंनी बोलावलंय."

"ओळखपत्र?"

"खिशात आहे. काढू... की हात वर करू?"

तिला हसू फुटलं, आणि लगेच अपराधी वाटलं. केंद्रातल्या बायकांची माहिती इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुकटच्या सेवेवर ठेवलेली होती. एकीच्या नवऱ्यानं पासवर्ड मिळवला, पत्ता काढला आणि तिला रस्त्यात गाठून मारलं. ती अजून दवाखान्यात बेशुद्ध होती. म्हणून आता स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या कुलपात सगळं ठेवायचं ठरलं होतं.

त्यानं अडगळीच्या खोलीत ठाण मांडलं. "या प्रोग्रॅममध्ये तुम्ही सगळ्याजणी मिळून लिहाल, वाचाल. मशीनवर मात्र नुसतं गिचमिड साठेल. कुणी ते उचलून नेलं तरी हाती भोपळा."

"आणि बसवणाऱ्याला? तुम्हाला तर दिसेलच."

"छे! चावी म्हणजे तुमचा पासवर्ड. तो विसरलात, तर मी डोकं आपटलं तरी उघडणार नाही."

"म्हणजे तुमचा काहीच उपयोग नाही!"

"चहाला सोबत म्हणून आहे की..."

मग पासवर्ड टाकायची वेळ आली. कुणी न सांगताच त्यानं खुर्ची फिरवली आणि पोपडे आलेल्या भिंतीकडे तोंड करून बसला.

तिची बोटं थिजली. ज्या नवऱ्याला सोडून ती स्वतः एकदा निघाली होती, तो रोज जेवणाआधी तिचा फोन मागून घ्यायचा.

"झालं?" भिंतीकडूनच प्रश्न आला.

"नाही... थांबा जरा." तिचा आवाज ओला झाला होता. तो वळला नाही.

काम संपायच्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. "गेली," एवढंच ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिच्यापासून हातभर अंतरावर, फरशीवर, तोही बसून राहिला.

संध्याकाळी बस थांब्यावर दोघंच होती. पाऊस कंटाळवाणा पडत होता.

"उद्यापासून दुसऱ्या गावी काम आहे. लांब," तो म्हणाला. "जायच्या आधी सांगतो... तुम्ही मला आवडता. उत्तर नको."

ती ओल्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुम्हीही आवडता. पण मागून पावलं ऐकू आली, की अजून धडकी भरते मला."

"मग येईन तेव्हा पाय न वाजवता येईन."

"नको हो! उलट... वाजवत या. म्हणजे तुम्हीच आहात, हे कळेल."

बस आली. पायरीवर त्यानं मुद्दाम धपधप पाय आपटले. कंडक्टर खेकसला. तिला हसू आलं... आणि बस वळल्यावर, सकाळपासून दाबून धरलेलं रडूही.