पाटावरची जागा

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात टीव्हीचा रिमोट एकच होता, आणि त्यावर दोन हात एकाच वेळी पडले.

"आवाज कमी करते जरा," मयुरा म्हणाली.

"शेवट तरी पाहू द्या... पोरगा घरी येऊन राहिला."

दर दिवाळीला लागणारा तोच जुना सिनेमा. रुसून गेलेला मुलगा सणाला परततो, बाप त्याला दारातच कवटाळतो. घरी तिचे बाबा, देवराव, शेवट यायच्या आधीच टीव्ही बंद करत. सहा वर्षांपूर्वी तिच्या भावाने, पियूषने, त्यांना न विचारता लग्न केलं, तेव्हा पुन्हा तोंड दाखवू नको, असं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून भाऊबीजेला मयुरा चंद्राला ओवाळायची. आता बाबांचं यकृत गेलं होतं, ते इथेच भरती होते. डॉक्टर आठवड्याचीही खात्री देत नव्हते. बाबांनी बोलावलं तर निघतो, एवढंच पियूष रायपूरहून म्हणे. आणि बाबा बोलवत नव्हते.

रिमोटवाला अंकुश हुडकेश्वरचा. त्याची आई वरच्या मजल्यावर होती. तिला सुट्टी झाली, तरी तो डबा घेऊन येतच राहिला.

"आई तर घरी गेली तुमची. मग काहून येता?"

"भाजी उरते..." तो खाली पाहत म्हणाला.

डब्यातल्या पोळ्या अजून गरम होत्या.

भाऊबीजेच्या सकाळी देवरावांनी मयुराला ओवाळणीचं ताट आणायला लावलं. जवळ ऑक्सिजन, म्हणून निरांजन न पेटवताच ठेवलं. मग ते अंकुशकडे वळले.

"बस गा पोरा. माह्या मागं इले भाऊ पाहिजे कोणी."

अंकुश उभाच राहिला.

"नाही काकाजी."

"काहून? एवढं केलं तू तिच्यासाठी..."

"म्हणूनच नाही बसत. मले तिचा भाऊ नाही व्हायचं. ती जागा पियूषची आहे. त्यालेच बोलवा."

देवरावांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग त्यांनी फोन मागितला.

"ये गा... बहीण ताट घेऊन उभी आहे."

पियूष तीन वाजता पोहोचला. देवराव एक वाजताच गेले होते. सुतकात ओवाळणं नाही. ताट खाटेखाली तसंच राहिलं. तिरडीला पुढून एका बाजूला पियूषने खांदा दिला, दुसऱ्या बाजूला अंकुशने.

वर्ष गेलं. यंदाच्या भाऊबीजेला पियूष पाटावर बसला. टीव्हीवर तोच सिनेमा होता. शेवट आला तेव्हा कोणी बंद केला नाही, आणि पाहिलाही नाही कोणी.

ओवाळून झाल्यावर मयुराने दाराशी उभ्या अंकुशकडे पाहिलं.

"आता तरी बसता का पाटावर?"

"बसतो ना," अंकुश हळूच म्हणाला. "पण... दोन पाट मांडा. एक तुमचा."

मयुराने मान खाली घातली. पियूष उठला. भिंतीला टेकवलेला दुसरा पाट त्याने काढला, बाहीने धूळ पुसली आणि आपल्या रिकाम्या पाटाशेजारी ठेवला. वर्षभर त्या पाटाला कोणी हात लावला नव्हता. बाबा त्यावर जेवायला बसत.