एक माळ जास्त

मुलांनो, डोळ्यांसमोर एक फाइल आणा. चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं. ज्वारीच्या दाण्यातल्या प्रत्येक प्रथिनाची एक माळ. एकेक अक्षर म्हणजे एकेक मणी. प्रत्येक माळेच्या डोक्यावर > अशी खूण. खुणा मोजल्या की माळा मोजून झाल्या. सोपं आहे की नाही?

बारा वर्षांच्या काव्यालाही सोपंच वाटलं. मे महिन्याच्या सुट्टीत ती सोलापूरला ऋतुजाआत्याकडे आली होती. आत्या ज्वारीवर संशोधन करायची. आठ महिने निवडून-पाखडून तिने ही फाइल केली होती, आणि आज पाचच्या आत ती तिच्या मार्गदर्शक सरांना पाठवायची होती.

"दोन हजार तीनशे अठरा माळा भरायला पाहिजेत," संगणकावर मोजायला बसलेल्या काव्याला आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "कमांडमध्ये खूण अवतरणचिन्हांत ठेव गं. फाइलची कॉपी काढायची राहिलीय अजून."

"लई सोपं हाय की!" काव्याने होटगीच्या आजोबांची नक्कल केली.

"नकला पुरे. नाहीतर कडक भाकरी मिळेल."

"मला कडकच आवडते!"

हसता हसता तिने कमांड लिहिली आणि अवतरणचिन्हं विसरली. उघडी खूण दिसली की संगणकाला वाटतं, ही फाइल रिकामी करून नवं भरायचंय. त्याने इमानदारीत रिकामी केली.

माळा: शून्य.

काव्याच्या तोंडचं पाणी पळालं. आत गुणगुणत आत्या शेंगदाण्याची चटणी कुटत होती. काव्याने पुन्हा मोजलं, या वेळी अवतरणचिन्हांत.

चाळीस.

पुन्हा. सहाशे दोन.

खोलीत हुरड्याचा कोवळा वास आला. मे महिन्यात ज्वारीचा हुरडा कुठला?

दोन हजार तीनशे अठरा.

"भरल्या का गं?"

"भरल्या, आत्या!" ती हसलीच.

खात्रीसाठी तिने आणखी एकदा मोजलं. दोन हजार तीनशे एकोणीस.

शेवटच्या माळेला नाव नव्हतं. मणी चार.

पुन्हा पाहिलं. सात.

पुन्हा. नऊ. नवशिक्याने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप करावं, तसं.

काव्याने आत्याला हाक मारली नाही. ती उठली, दुसरी खुर्ची आणून आपल्या खुर्चीला चिकटून ठेवली.

"पाचच्या आत हं," ती हळूच म्हणाली आणि कीबोर्ड थोडा त्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला.