लाल दोराची गुंडाळी

पोस्टाची बोट माझ्या डोळ्यांदेखत सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बेटावरच्या शाळेत मला मुलांसमोर उभं राहायचं होतं, आणि मी धक्क्यावर पिशवी घेऊन... तशीच.

"तिकडेच चाललोय," खालून एका छोट्या शिडाच्या होडीतून आवाज आला. "भिजायची तयारी असेल तर या."

चौसष्टचा सप्टेंबर होता. त्याचं नाव टोर्केल. कान लाल, स्वेटरची कोपरं उसवलेली. मी गुनवोर, एकवीस वर्षांची, कोळ्याची मुलगी; होडीतलं सगळं कळतं अशा तोऱ्यात उतरले.

त्याचे सगळे दोर डोलकाठीपासून मागे, बसायच्या खोलगट जागेपर्यंत आणलेले होते. मला हसूच आलं.

"म्हणजे शीड उतरवायलाही उठायचं नाही?"

"नाही. बसल्या बसल्या."

"आमचे आजोबा सत्तराव्या वर्षीही डोलकाठीपाशी जातात हं!"

"ते कॉफी कधी पितात मग?" म्हणत त्याने थर्मास पुढे केला. बोटांना बोटं लागली... मी उगाच समुद्राकडे पाहिलं.

मोठं शीड मीच चढवलं. ते ज्याने चढवलं त्या लाल दोराचा उरलेला भाग वडिलांच्या शिस्तीत गोल गुंडाळला, मधोमध फास घालून आवळला. किती नीटनेटका दिसत होता!

बेट जवळ आलं तसा वारा चढला. आमच्या बंदराचं तोंड अरुंद, दोन्हीकडे खडक. आत शिरण्याआधी शिडं उतरलीच पाहिजेत, नाहीतर थेट दगडी भिंतीवर. टोर्केलने बारीक दोरी ओढली, पुढचं शीड सरसरत नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उतरलं. मग त्याने लाल दोर सोडला. मोठं शीड अर्ध्यावर आलं आणि... अडकलं.

माझी ती आवळलेली गुंडाळी! दोराबरोबर पुढे खेचली जाऊन डोलकाठीच्या पायथ्याशी, दोर ओवलेल्या कडीत रुतली होती.

"मी जाते पुढे. सोडवून येते." मी उठले.

"थांब! जाऊ नकोस!" त्याने माझा कोट मुठीत पकडला. चेहरा पांढराफटक. "माझा भाऊ गेला होता... इवार. शीड उतरवायला. सुकाणू माझ्या हातात होतं. मी वळून पाहिलं तेव्हा तिथे कुणीच नव्हतं."

खडकांवर फुटणारं पाणी आता ऐकू येत होतं.

"मग काय करायचं?"

"सुकाणू घे. नाळ वाऱ्याच्या तोंडावर धर. अगदी समोर."

मी धरलं. शीड कानठळ्या बसवत फडफडू लागलं. त्याने लाल दोर उलटा, मागे ओढला. शीड उतरायचं सोडून वर चढायला लागलं!

"टोर्केल, वर जातंय!"

"जाऊ दे. गुंडाळी मागे येऊ दे."

भिंतीवरचं शेवाळ दिसत होतं. गुंडाळी कडीतून सुटून त्याच्या हातात आली. त्याने फास दातांनी सोडवला, दोर मोकळा केला. शीड धाडकन खाली आलं, शिडाखालच्या आडव्या काठीच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या दोऱ्यांमध्ये घड्या पडत बसलं. त्याने हात पोचेल तिथवर पट्ट्यांनी बांधलं. शिडाचं डोलकाठीकडचं टोक फडफडत राहिलं, तिकडे तो गेला नाही. उरलेल्या वेगातच होडी धक्क्याला लागली. त्याने ती दोराने खुंटीला बांधली.

मग मात्र मी रडले. "माझ्यामुळे झालं. मला वाटलं, मला सगळं येतं."

"येतं की. सुकाणू हललं नाही तुझं." त्याने ओले हात स्वेटरला पुसले. "इवारनंतर मी कुणालाच होडीत घेतलं नव्हतं."

"मग मला का?"

"धक्क्यावर तू... उभी होतीस. वाटलं, आत्ता हाक मारली नाही, तर..." तो एकदम खुंटीचा दोर सोडायला वाकला. "निघतो. अंधाराआधी परत पोचायला हवं."

मी बंदराबाहेरच्या पांढऱ्या लाटांकडे पाहिलं. तो एकटा, तोच दोर, तेच पाणी...

"वारा फार आहे," मी म्हणाले. "पडेपर्यंत थांब. आमच्याकडे जागा आहे."

दोर हातात तसाच धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"या बेटावर वारा पडतो तरी कधी?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

त्याने दोर पुन्हा खुंटीला बांधला.