कडू घासाचा भानांक

८१

आर्वोंनी सकाळच्या कॉफीचा मग टेबलावर ठेवला, खिडकीकडे तोंड केलं आणि पाच मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. शलाका तोडकर अस्वस्थ झाली नाही. तिच्या कानामागे मसुराच्या दाण्याएवढा मणी चिकटवलेला होता आणि त्याने कुजबुजून सांगितलं होतं:

— राग नाही. ही त्यांची विश्रांती आहे. बोलू नका.

ती बोलली नाही. आर्वोंनी मान किंचित हलवली. चष्म्याच्या कोपऱ्यात आकडा चमकला: एक्क्याऐंशी.

शलाका उदगीरची. दलदलीच्या विज्ञानाचा अभ्यास करायला ती एस्टोनियात आली त्याला पाच महिने झाले होते. दलदलीत हजारो वर्षं न कुजता साचलेला पाला उन्हात सुकला की हवेत कार्बन सोडतो. म्हणून तिथल्या पाण्याची पातळी रोज मोजतात. शलाका राहत होती त्या, दलदलीकाठच्या विद्यापीठाच्या छोट्या केंद्राची देखभाल आर्वो करत. वय अडुसष्ट. शेजारच्याच लाकडी घरात ते आणि त्यांची पत्नी लेइडा राहत.

बाहेरून आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठ मणी देई. समोरच्या माणसाच्या आवाजातला ताण, श्वासाचा वेग मणी टिपायचा आणि काय करावं ते सांगायचा. समोरचा जितका निवांत, तितका तुमचा भानांक वर; सूचना मोडली, की एक गुण खाली. बुद्धीचा जसा बुद्ध्यांक, तसा परक्या संस्कृतीत वावरण्याचा हा भानांक. तीस नोव्हेंबरला तो ऐंशीच्या खाली असेल, तर शिष्यवृत्ती संपली आणि विद्यार्थी घरी. मणी ज्या दिवशी लावला नाही, त्या दिवसाचे दोन गुण वजा.

आज सव्वीस तारीख होती, सोमवार. दुपारी लेइडा गेली. बागेत कोबी काढताना खाली बसली ती उठलीच नाही.

८२

एक गुण वाढला, कारण शलाकाने काहीच केलं नाही.

— इथे शोक खाजगी असतो. एकांत द्या. तीन ओळींचा निरोप पुरेसा. मजकूर तयार आहे. पाठवू?

तिने 'हो' म्हटलं. निरोप गेला. मंगळवार गेला. आर्वोंच्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला नाही.

बुधवारी तिने ओजस बोधनकरला फोन केला. ओजस परभणीचा, तिच्याआधी दोन वर्षं आलेला, इथल्या राजधानीत शिकणारा. त्याचा भानांक शहाण्णव होता आणि तो हे कुणाला विसरू देत नसे.

"म्हणजे तुला समाचाराला जायचंय," तो म्हणाला. "बाई, हे उदगीर नाही. तिथे मेलेल्या माणसापेक्षा भेटायला आलेल्यांचा चहा जास्त होतो."

"त्यांच्या घरात दोन दिवस चूल पेटलेली नाही."

"तुला कसं माहीत? धूर मोजतेस?"

"हो."

मग त्याने आपलं गुपित सांगितलं. शहाण्णव मिळवायला फार अक्कल लागत नाही. कुणाच्या वाटेला जायचं नाही, एवढंच. भेटलंच नाही, तर समोरच्याला त्रास कसा होणार?

"तुझे तिथले मित्र कोण आहेत रे?" शलाकाने विचारलं.

"तू आहेस की."

तो हसला. ती हसली नाही. तिने आईला फोन केला. आईने विज्ञान, शिष्यवृत्ती वगैरे काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की कडू घास कुणी दिला? शलाकाने सांगितलं, कुणीच नाही. पलीकडे बराच वेळ फक्त बाबांच्या गिरणीचा आवाज येत राहिला.

मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी करून नेतात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात. तो कडू घास. कुणी बोलावत नाही, कुणी विचारून जात नाही. जाऊन बसायचं. फार बोलायचं नाही. निघताना निरोप घ्यायचा नाही.

८२, ८१, ८०

गुरुवारी सकाळी तिने उरलेलं सगळं बेसन पातेल्यात ओतलं. भाकरीला ज्वारी नव्हती. राय नावाच्या तिथल्या धान्याचं पीठ थापायला घेतलं, तर ते हाताला चिकटून बसलं. तिसरी भाकरी मोडल्यावर तिने नाद सोडला आणि दुकानातला काळा पाव कापडात बांधला.

आर्वोंच्या फाटकापर्यंत शंभर पावलं.

— या भेटीची पूर्वसूचना दिलेली नाही. परत फिरा.

फाटक उघडताना एक गुण गेला.

— शोकग्रस्त व्यक्तीला अन्न देणं येथे अतिक्रमण वाटण्याची शक्यता त्र्याहत्तर टक्के. परत फिरा.

अंगणात आणखी एक. आता ऐंशी. इथून वळली असती, तर सगळं वाचलं असतं. उद्या शुक्रवार, तीस तारीख. उद्या खोलीत बसून राहायचं, की पुढची दीड वर्षं तिची.

मणी कुजबुजत होता. तिने पहिल्यांदाच एक गोष्ट नीट पाहिली. या माणसाबरोबर तिने पाच महिने कॉफी घेतली होती, आणि त्यांच्या डोळ्यांचा रंग तिला सांगता आला नसता. पाहायची कधी गरजच पडली नव्हती. पाहायचं काम मणी करत होता.

तिने नखाने मणी काढला आणि खिशात टाकला.

मोजणी बंद

दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग पावलं.

डोळे करडे होते. स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर. हात दाराच्या कडेवर. आर्वोंनी पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नको," ते म्हणाले. "धन्यवाद. नको."

उदगीरला पहिल्या 'नको'ला काही किंमत नसते. दुसरा ऐकून वाढतात, तिसऱ्याला हात आखडतात. इथे एक पुरतो, हे तिला ठाऊक होतं. पण दार बंद होत नव्हतं. ते बंद का होत नाही, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. कदाचित ते रडू आवरत असतील. कदाचित तिच्या जाण्याची वाट बघत असतील. तिला खरोखर कळेना.

आग्रह करायचा नाही, असं तिने ठरवलं. पळायचंही नाही.

"पायरीवर ठेवते," ती म्हणाली. "सोमवारपासून नळ्यांच्या नोंदी झालेल्या नाहीत. मी आज दिवसभर दलदलीवर आहे."

दार बंद झालं.

दलदलीवरून फळ्यांची अरुंद वाट जाते. वाटेच्या कडेने सतरा नळ्या चिखलात उभ्या रोवलेल्या, प्रत्येकीत पट्टी सोडून पाणी किती खाली आहे ते बघायचं. रोज आर्वो आकडे सांगत आणि ती लिहून घेई. आज ती पहिल्यांदा स्वतः गुडघे टेकून बसली. चिखलाला व्हिनेगरसारखा वास होता. हाही आजवर लक्षात आला नव्हता. चौथ्या नळीचा आकडा काही केल्या जुळेना. तिने तीनदा पट्टी सोडली, तीनदा वेगळा आला.

तासाभराने फळ्या हलल्या. आर्वो बूट घालून येत होते. स्वेटर अजून उलटाच.

"तिचं तोंड वाकलंय," ते म्हणाले. "लेइडाने होडी आदळली होती. अठरा वर्षं झाली. उत्तरेच्या कडेवरून मोजायचं."

तिने उत्तरेच्या कडेवरून मोजलं. एकतीस सेंटिमीटर. लिहिलं.

ते फळीवर बसले, पाय चिखलावर सोडून. तीही बसली, एक हात अंतर ठेवून.

"तुम्ही दार वाजवलं तेव्हा मला राग आला," आर्वो म्हणाले. "अजून आहे थोडा."

तिला माफी मागावीशी वाटली. मागितली नाही. ऐकत राहिली.

"चार दिवसांत सत्तावीस निरोप आले. सगळे तीन-तीन ओळींचे. माझी आई गेली तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. आता बहुतेकांच्या कानामागे मणी आहे, लोक फार समजूतदार झालेत." त्यांनी नाक पुसलं. "ते पिवळं फार तिखट होतं."

"खाल्लंत?"

"अर्धं. पाण्याबरोबर."

मग ते लेइडाबद्दल बोलले. इंग्रजी संपलं की एस्टोनियन, आणि तेही संपलं की नुसते हात. शलाकाला निम्मं समजलं. जिथे समजलं नाही, तिथे तिने विचारलं. दोनदा नको ते विचारलं आणि ते गप्प झाले. दोन्ही वेळा तिने वाट पाहिली. संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा नळ्या झाल्या. निघताना तिने निरोप घेतला नाही. आर्वोंनीही घेतला नाही.

७८

शुक्रवारी मणी दिवसभर खिशातच राहिला; दोन गुण गेले. मग खुलाशासाठी विद्यापीठाचा अर्ज आला.

भानांक ऐंशीखाली जाण्याचं कारण: मणी काढला.

सूचना ऐकू आल्या होत्या का: स्पष्ट.

तुमच्या वागण्याने समोरच्या व्यक्तीला त्रास झाला का: हो. त्यांनी स्वतः सांगितलं.

पुन्हा तसाच प्रसंग आल्यास काय कराल: तिखट कमी घालीन. जाईन.

मणी पुन्हा केव्हापासून लावाल: लावणार नाही.

आकडा नाही

डिसेंबरच्या तीन तारखेला विद्यार्थी कार्यालयात मारेत नावाच्या अधिकारी बाईंनी तो अर्ज दोनदा वाचला. त्या साठीच्या, नीटनेटक्या. त्यांच्याही कानामागे मणी होता. परदेशी विद्यार्थ्यांशी कसं बोलावं, हे तो त्यांना सांगायचा.

त्यांनी नियम समजावला. अठ्ठ्याहत्तर म्हणजे परतीचं तिकीट. फार तर एक महिन्याची सवलत मिळेल, पण मणी लावायच्या अटीवर. शलाकाने नम्रपणे सांगितलं, की तिला राहायचं आहे, दलदलीचं काम पुरं करायचं आहे आणि मणी लावायचा नाही. तिन्ही गोष्टी तिने एकाच आवाजात सांगितल्या.

"मग तुम्ही काही शिकलात की नाही, हे आम्ही कसं ठरवायचं?"

"येऊन बघा," शलाका म्हणाली. "आर्वोंना विचारा. त्यांच्या तक्रारीही आहेत."

मारेतनी समजुतीने मान डोलावली. मणी सांगत असणार, तशी.

"तुम्ही लेइडाला ओळखत होता?" शलाकाने विचारलं.

"शाळेत एका बाकावर होतो."

"मग गेलात?"

"एकांत द्या, असं..." मारेत थांबल्या. त्यांचा हात नकळत कानामागे गेला. हा मणी कुठून शिकला, हे त्यांना माहीत होतं: त्यांच्याच गावांतल्या लोकांच्या लाखो नोंदींवरून. आणि आता ती गावं त्याच्याकडून शिकत होती.

त्यांनी खणातून एक जुना, छापील नियम काढला. मण्यांच्या आधीचा, रद्द करायचा राहून गेलेला. विद्यार्थ्याच्या वागणुकीची पाहणी अधिकाऱ्याने स्वतः, प्रत्यक्ष, सहा महिन्यांतून तीनदा करावी. शलाकाच्या अर्जावर त्यांनी त्या नियमाचा क्रमांक लिहिला. पहिल्या भेटीची तारीख मात्र कोरी ठेवली.

"मला दलदलीवर यावं लागेल," त्या म्हणाल्या. "आर्वोंच्या घरी. हा मणी न लावता."

शलाकाने मान हलवली.

मारेतचं बोट मण्यावर होतं. काढायला की दाबून धरायला, ते कळत नव्हतं. मग त्यांनी, स्वतःचे शब्द शोधत, हळू विचारलं,

"दार उघडलं, की पहिल्यांदा कुठे बघायचं असतं?"