निवणारी भट्टी

ठिणगी हे नाव बाबांनी ठेवलेलं. चाळिशी ओलांडली तरी ते तिला चिकटूनच होतं. बाबांच्या छोट्या कारखान्यात सिरॅमिकच्या नळीवर धातूची टोपी बसवत. भट्टीत चांदीचं मिश्रण वितळून फटीत उतरायचं, आणि मग कितीही चटके बसले तरी त्या सांध्यातून हवा जात नसे.

बाबा गेले आणि तिचा एकही सांधा धड होईना. भट्टी तीच, तापमान तेच, पण निवताना बारीक तडा जायचाच. जुनं गिऱ्हाईक भिडेखातर थांबलं होतं. नमुना जमला नाही तर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

शेवटी तिने बाबांनी जोडलेली एक नळी फडताळातून काढून तपासणीला लावली. आतली हवा ओढून घेतली, पंप बंद केला. सांधा पक्का असेल तर दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही. गळका असेल तर चढत जातो. हा काटा चढला, मग उतरला. पुन्हा चढला, मध्येच अडखळला, उतरला.

तिने नळ्या, झडपा सगळं तपासलं. कुठे काही बिघाड नव्हता.

आई चहा घेऊन आली आणि काट्याकडे बघत उभीच राहिली.

"झोपेत त्यांचा श्वास असाच अडखळायचा," ती म्हणाली.

ठिणगीला रडू फुटलं. मग आईने सांगितलं, की भट्टी पूर्ण निवेपर्यंत ते दाराला हात लावून बसायचे, जेवायलाही उठायचे नाहीत. म्हातारपणी दम लागायचा, तरी हट्ट सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ठिणगी तशीच बसली. कोमट पत्र्यावर तळवा टेकला आणि बाबा शेजारी असल्यासारखं वाटलं. फार दिवसांनी जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी नळी बाहेर काढली, तर तडा नाही. जिना चढून ती वर तपासणीच्या खोलीत आली तेव्हा तिला थोडी धाप लागली, इतकंच.

तिने नळी तपासणीला लावली. पंप बंद केला.

काटा चढला. उतरला. कुठेही अडखळला नाही.

तिने श्वास रोखला.

काटा थांबला.

मागे उभ्या आईने हातातला कप हळूच खाली ठेवला.

"गिऱ्हाईकाला असे किती सांधे हवेत?" तिने विचारलं.